ऑपरेशननंतर दिसलेली नवी गाठ: ती कुठली, हे आधी ठरवा

कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. नेहमीच्या तपासणीत सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ येते: उजव्या फुप्फुसात ८ मिलिमीटरची नवी गाठ, पूर्वीचा आजार पाहता मेटास्टॅसिसची (कॅन्सर दूरच्या अवयवात पसरल्याची) शक्यता. घरी या ओळीचा एकच अर्थ लावला जातो, कॅन्सर उलटला. आणि पाठोपाठ मागणी येते, मग लगेच केमो सुरू करा.

रिपोर्टातली ओळ आणि केमोची पहिली सलाइन यांच्यामध्ये बरंच काम असतं, आणि घाबरलेल्या घरात नेमकं तेच गाळलं जातं. रेडिओलॉजिस्टला दिसते ती सावली. तिच्या आकारावरून, कडांवरून आणि जागेवरून तो शक्यता सांगतो. त्या ओळीतला ‘शक्यता’ हा शब्द त्याने जपून लिहिलेला असतो.

## नवी गाठ काय काय असू शकते

पहिली शक्यता, ती कॅन्सरची नाहीच. ऑपरेशनच्या जागी टाक्याच्या दोऱ्याभोवती घट्ट गाठ धरते. स्तनातली चरबी मार लागून किंवा रेडिएशनच्या शेकाने मरते आणि हाताला खड्यासारखी लागते. मॅमोग्राफीतही ती कधी कधी थेट कॅन्सरसारखी दिसते. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला दुखरी गोळी येते, काखेत पाणी साचून पिशवी होते. छातीला रेडिएशन घेतलं असेल तर फुप्फुसाचा तेवढाच भाग काही महिन्यांनी पांढरट होतो. शिवाय टीबी आणि बुरशीचा संसर्ग आहेच. ज्याला कॅन्सर झाला त्याला टीबी होत नाही असा काही नियम नाही.

दुसरी शक्यता, जुनाच कॅन्सर जुन्याच जागी किंवा शेजारच्या लसीका ग्रंथींत परत आला. ऑपरेशनच्या वेळी डोळ्याला आणि हाताला न लागलेल्या काही पेशी मागे राहिलेल्या असतात, त्या वाढतात. तिसरी, जुन्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून दूरच्या अवयवात जाऊन तिथे वाढल्या. यालाच मेटास्टॅसिस म्हणतात.

चौथी शक्यता लोकांच्या डोक्यात सहसा येत नाही: हा दुसराच, स्वतंत्र कॅन्सर आहे. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला तर तोच तंबाखू घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या अस्तरालाही वर्षानुवर्षं लागलेला असतो. १९५३ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचे नमुने तपासताना असं दिसलं की गाठीभोवतीचं वरून निरोगी वाटणारं अस्तरही बिघडलेलं असतं. एक गाठ काढली तरी ते अस्तर मागे राहतंच. अनुवंशिक दोषाचंही असंच आहे. बीआरसीए जनुकात बिघाड असेल तर एका स्तनानंतर दुसऱ्या स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. लिंच सिंड्रोम असेल तर मोठ्या आतड्यानंतर गर्भाशयाचा.

आधीच्या रेडिएशनमुळे नवा कॅन्सर होणं दुर्मीळ आहे, पण होतं, आणि सहसा काही वर्षांनी. स्तनाला रेडिएशन झालेल्या त्वचेवर पाच-सात वर्षांनी निळसर-जांभळा डाग उठला आणि महिन्याभरात गेला नाही, तर तो मुका मार समजून मलम लावत बसू नये. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा अँजिओसार्कोमा सुरुवातीला अगदी तसाच दिसतो.

हा फरक पुस्तकी नाही. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या फुप्फुसात एकच गाठ दिसली असं धरा. ती आतड्याच्या कॅन्सरची असेल तर ती काढणं किंवा जाळणं, आणि गरज पडल्यास आतड्याच्या कॅन्सरची औषधं. ती फुप्फुसाचा स्वतंत्र, पहिल्या टप्प्यातला कॅन्सर असेल तर फुप्फुसाचा तो भाग ग्रंथींसह काढायचा, आणि बरं होण्याची आशा चांगली असते. टीबी असेल तर गोळ्या. अशा माणसाला केमो दिली तर प्रतिकारशक्ती खाली जाऊन टीबीच फोफावेल. स्कॅन एकच, उपचार तीन.

## ‘वाढली’ म्हणजे किती वाढली

गाठ नवी आहे की आधीपासून होती, हे जुन्या स्कॅनच्या चित्रांशी ताडून ठरतं, जुन्या रिपोर्टाच्या कागदाशी नाही. सीटीत शरीराचे काप घेतात. आधीचे काप ५ मिलिमीटरचे आणि आताचे १ मिलिमीटरचे असतील, तर पूर्वी दोन कापांच्या मध्ये हरवलेली बारीक गाठ आता ‘नवी’ म्हणून उगवते. म्हणून स्कॅनची सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल जपायची. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो या कामाला चालत नाही.

मिलिमीटरही फसवतात. ८ चे १० झाले तर दोनच मिलिमीटर वाढ वाटते, पण गाठ गोल असते. व्यास सव्वापट झाला की आकारमान जवळपास दुप्पट होतं. उलट ८ चे ९ ही मोजणाऱ्याच्या हातातली चूकही असू शकते. फार लहान गाठ असेल आणि तुकडा काढायला सुई पोहोचत नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी तसाच स्कॅन परत करणं हा आळस नसतो, ती तपासणीच असते. फुप्फुसातल्या बारीक गाठींवर किती महिन्यांनी लक्ष ठेवायचं याचे जे तक्ते सर्वत्र वापरले जातात, ते कॅन्सरचा इतिहास नसलेल्या माणसांसाठी आहेत. त्यातलं ‘पुन्हा स्कॅनची गरज नाही’ हे वाक्य ऑपरेशन झालेल्या रुग्णाने स्वतःला लावून घेऊ नये.

## पेट स्कॅनमध्ये चमकली म्हणजे कॅन्सरच का?

नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर टोचतात आणि ती कुठे जास्त ओढली जाते ते पाहतात. भुकेली कॅन्सर पेशी साखर ओढते, तशी जंतूंशी झुंजणारी पांढरी पेशीही ओढते. टीबी, ताजी जखम, रेडिएशनची सूज, सगळं चमकतं. लस घेतली की त्या हाताच्या काखेतल्या ग्रंथी काही आठवडे चमकू शकतात, म्हणून कोणत्या हाताला आणि कधी लस घेतली हे आधी सांगावं. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे आणि रेडिएशननंतर बारा आठवडे थांबून पेट केला तर खोटे दिवे कमी लागतात.

उलटही घडतं. ८ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ कॅन्सरची असूनही अंधारात राहू शकते. प्रोस्टेटचे, मूत्रपिंडाचे आणि चिकट स्राव करणारे बरेच कॅन्सर साखर कमी ओढतात. मेंदू मुळातच साखरेवर चालतो, त्यामुळे तिथली गाठ त्या उजेडात बुडून जाते. मेंदूसाठी एमआरआयच हवा. प्रोस्टेटसाठी साखरेऐवजी पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारं द्रव्य वापरून पेट करतात आणि तो पुष्कळ बरा ठरतो. तयारी सोपी आहे पण ती पाळावी लागते: सहा तास उपाशी, रक्तातली साखर २०० च्या आत, आणि सुईनंतर तासभर निवांत पडून राहणं. त्या तासात येरझाऱ्या घातल्या तर पायांचे स्नायू चमकतात.

रक्तातल्या मार्करबद्दल, म्हणजे कॅन्सरचा माग देणाऱ्या पदार्थांबद्दल, थोडक्यात. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, जवळपास शून्य व्हायला हवं, ते ०.२ किंवा जास्त आलं आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच राहिलं तर आजार परतला असं धरतात. तिथे स्कॅनमध्ये गाठ दिसण्याची वाट न पाहता, आकडा ०.५ च्या आत असतानाच प्रोस्टेटच्या जागेला रेडिएशन दिलं तर फायदा जास्त. इतका सरळ मार्कर मात्र विरळा. आतड्याच्या कॅन्सरचा सीईए धूम्रपानानेही थोडा वर राहतो, आणि अंडाशयाचा सीए-१२५ पोटातल्या टीबीतही चढतो.

## तुकडा: सगळा भार याच्यावर

बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. जिथे सुरक्षितपणे करता येईल तिथे पहिल्या परतीच्या संशयात ती करायचीच, असा आग्रह धरावा. स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते संप्रेरक जिथे चिकटतं ते प्रथिन) आहे का आणि हर-२ प्रथिन किती आहे, यावर औषध ठरतं. परत आलेल्या गाठीत इस्ट्रोजेन ग्राहकाचं उत्तर साधारण पाचांत एका रुग्णेत आधीपेक्षा वेगळं निघतं. जुन्या रिपोर्टवरच औषध सुरू केलं तर या बायका चुकीच्या रांगेत उभ्या राहतात.

तुकडा घेण्यातही पुष्कळ काही चुकतं. पातळ सुईने, म्हणजे एफएनएसीने, सुट्या पेशी येतात. कॅन्सर आहे की नाही एवढं बहुधा कळतं. कुठला आणि कोणत्या औषधाला जुमानणारा हे कळायला जाड सुईचे सळईसारखे तुकडे लागतात. स्तनात बहुधा १४ गेजची सुई वापरतात, यकृतात किंवा फुप्फुसात १८ ची. (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक.) अनेक गाठी असतील तर कुठली टोचायची हा निर्णय महत्त्वाचा: जिचं उत्तर उपचार सर्वांत जास्त बदलेल आणि जिथे धोका कमी, ती. मोठ्या गाठीचा मधला भाग बरेचदा मेलेला असतो. तिथे सुई मारली की ‘फक्त मृत पेशी’ असा रिपोर्ट येतो आणि घरात पेढे वाटले जातात. तुकडा कडेचा हवा.

तुकडा बाटलीत पडल्यावरची गंमत आणखी वेगळी. पॅथॉलॉजीसाठी तो १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकतात, आणि ग्राहकांची तपासणी नीट व्हायची तर त्यात तो कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. पण टीबीचाही संशय असेल तर एक तुकडा वेगळा, साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये हवा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. दोन बाटल्या न्यायच्या हे आधीच ठरलेलं नसेल तर सुई पुन्हा खावी लागते. हाडाचा तुकडा मऊ करायला कडक आम्ल वापरलं तर त्यातला डीएनए खराब होतो आणि जनुकांची चाचणी फसते. यकृतात आणि हाडात दोन्हीकडे गाठ असेल तेव्हा यकृतातली निवडतात ती यामुळेही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायची, आणि स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. फुप्फुसाच्या बायॉप्सीत चार-पाचांत एकाला छातीच्या पोकळीत थोडी हवा शिरते. बहुतेकांची आपोआप शोषली जाते, थोड्यांना नळी घालावी लागते. म्हणून नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात.

## पेशी मूळ गाव कसं सांगते

माणूस गाव सोडून कुठेही गेला तरी बोलण्यात गावची बोली डोकावतेच. कॅन्सरच्या पेशीचंही तसंच असतं. आतड्यातून यकृतात गेलेली पेशी आतड्याचीच प्रथिनं बनवत राहते, म्हणून यकृतातल्या त्या गाठीला यकृताचा कॅन्सर म्हणत नाहीत आणि त्याची औषधंही देत नाहीत.

ही प्रथिनं शोधायला तुकड्याच्या पातळ कापांवर रंगीत प्रतिपिंडं टाकतात. याला आयएचसी म्हणतात. टीटीएफ-१ रंगलं तर फुप्फुस किंवा थायरॉइड, सीडीएक्स-२ आणि सीके-२० रंगले तर आतडं, गाटा-३ रंगलं तर स्तन किंवा मूत्राशय, पॅक्स-८ रंगलं तर मूत्रपिंड, थायरॉइड किंवा स्त्रियांची जननेंद्रियं. एकट्या रंगावर कुणी निकाल देत नाही, दोन-चार एकत्र वाचतात.

आणि इथे एक अवघड पेच आहे. तोंडाचा स्क्वेमस (चपट्या पेशींचा) कॅन्सर आणि फुप्फुसाचा स्क्वेमस कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या भावांसारखे असतात आणि रंगही तेच घेतात. तोंडाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या फुप्फुसात अशी एकच गाठ निघाली तर आयएचसी हात टेकते. मग जुन्या आणि नव्या गाठीतले जनुकीय बदल शेजारी ठेवून पाहतात: तेच बदल दोन्हीकडे असतील तर मेटास्टॅसिस, सगळे वेगळे असतील तर नवा कॅन्सर. त्यासाठी जुन्या ऑपरेशनचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला मूळ तुकडा, हातात लागतो. बायॉप्सीच्या फॉर्मवर आधीच्या कॅन्सरचं नाव, वर्ष आणि जुना पॅथॉलॉजी क्रमांक लिहिला आहे ना, हे नातेवाइकांनी स्वतः पाहावं. ही एक ओळ गाळल्याने जितके रिपोर्ट भरकटतात तितके यंत्राच्या चुकीने भरकटत नसतील.

## ‘सुई लावली की पसरतो’

या भीतीत सत्याचा कण आहे, म्हणून ती टिकून आहे. सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे गाठ येणं घडतं, पण क्वचित. जिथे हा धोका लक्षात घेण्याजोगा आहे तिथे पद्धतच बदललेली आहे. यकृताच्या मूळ कॅन्सरचं निदान सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत आक्रसून कडक झालेल्या, रुग्णात अनेकदा सीटी-एमआरआयवरच करतात. वृषणाच्या गाठीत पिशवीतून सुई घालत नाहीत. सार्कोमाच्या, म्हणजे हाडं, स्नायू, चरबी अशा ऊतींतल्या कॅन्सरच्या, बायॉप्सीत सुईची वाट अशी आखतात की पुढच्या ऑपरेशनमध्ये ती गाठीसोबत कापून निघेल. बाकी ठिकाणी चुकीचा उपचार मिळण्याचा धोका सुईपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणि बायॉप्सीत ‘कॅन्सर आढळला नाही’ आलं तर? मग तुकड्यात काय आढळलं ते वाचायचं. ‘टीबीच्या गाठी’ किंवा ‘मृत चरबी’ हे उत्तर आहे. ‘फुप्फुसाची साधी ऊती’ हे उत्तर नाही. सुई बाजूने गेली असण्याची शक्यता आहे आणि पुन्हा टोचायची की लक्ष ठेवायचं हे ठरवावं लागतं.

## परत आला म्हणजे सगळं संपलं का?

किती ठिकाणी आला आणि किती दिवसांनी आला, यावर उत्तर बदलतं. जुन्याच जागी एकटी गाठ असेल तर ती पुन्हा काढण्याचा, आणि आधी रेडिएशन झालं नसेल तर ते देण्याचा प्रयत्न बरं करण्याच्याच हेतूने होतो.

दूर गेलेला पण मोजक्या ठिकाणी थांबलेला आजार ही मधली अवस्था. १९९५ मध्ये तिला ऑलिगोमेटास्टॅसिस असं नाव मिळालं. आतड्याचा कॅन्सर यकृतात गेला आणि गाठी काढता आल्या, तर निवडक रुग्णांत दहांतले साधारण चार जण पाच वर्षांनी हयात असतात. काढता येणं म्हणजे काय, तर मागे पुरेसं यकृत उरणं: निरोगी यकृतात किमान २० टक्के, बरीच केमो झाली असेल तर ३०, सिरॉसिस असेल तर ४०. कमी पडत असेल तर काढायच्या बाजूचा रक्तपुरवठा आधी बंद करतात आणि उरणारी बाजू फुगण्याची काही आठवडे वाट पाहतात. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईतून उष्णता देऊन जाळता येतात. अगदी नेमकं आणि मोठ्या डोसचं रेडिएशन एक ते पाच बैठकांत देता येतं. पाचपर्यंत गाठी असलेल्या ९९ रुग्णांच्या चाचणीत असं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १८ टक्के पाच वर्षांनी हयात होते. पण त्याच चाचणीत रेडिएशन घेतलेल्या ६६ जणांपैकी तिघांचा मृत्यू उपचारामुळे झाला असावा असं नोंदलं गेलं, आणि नंतर फक्त स्तनाच्या कॅन्सरमधल्या चाचणीत हा फायदा दिसला नाही. ‘गाठ दिसली की जाळा’ असं सरसकट कुणी सांगत असेल तर दुसरं मत घ्यावं.

पसरलेल्या आजारात औषधं मुख्य. आधीच्या केमोनंतर किती दिवसांनी आजार परतला याला इथे फार वजन आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये प्लॅटिनमची औषधं संपून सहा महिन्यांच्या आत परतला तर तीच औषधं सहसा चालत नाहीत. त्यानंतर परतला तर पुन्हा चालू शकतात. वेदना आणि दम सांभाळणारी पॅलिएटिव्ह टीम शेवटी बोलवायची असते हाही गैरसमजच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती सुरुवातीपासून सोबत असलेले रुग्ण जास्त बरे जगले आणि सरासरीने जास्त दिवसही जगले.

## जुन्या उपचारांची बेरीज

काही उपचारांचा शरीरात आयुष्यभराचा हिशेब राहतो. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं केमोचं औषध दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की हृदय कमजोर होण्याचा धोका वाढतो. पहिल्या वेळी किती दिलं हे माहीत नसेल तर डॉक्टर एकतर घाबरून ते टाळतात किंवा अंदाजाने देतात. रेडिएशनमध्ये पाठीच्या मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) एवढीच मुभा असते. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावरचं ‘केमोचे सहा डोस, रेडिएशन पूर्ण’ हे वाक्य पुरत नाही. औषधांची नावं आणि प्रत्येक डोसचे मिलिग्रॅम, रेडिएशनचे एकूण ग्रे आणि बैठका, शक्य असेल तर रेडिएशनच्या आखणीची डिजिटल फाइल, ऑपरेशनच्या नोंदी, पूर्ण पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ब्लॉक: हे पहिला उपचार संपतानाच मागून घ्यावं. ब्लॉक कायमचे ठेवले जातीलच असं नाही.

## ‘दर तीन महिन्यांनी पेट केला असता तर आधी सापडली असती’

आधी सापडली असती, हे खरं. आधी सापडून आयुष्य वाढलं असतं का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कॅन्सरागणिक बदलतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या दोन चाचण्यांत लक्षणं नसताना नेमाने स्कॅन करणाऱ्या गटाला जगण्यात फायदा झाला नाही. म्हणून तिथे वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी एवढंच ठरलेलं आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये २०१० च्या चाचणीत फक्त सीए-१२५ वाढलं म्हणून लवकर केमो सुरू केलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. केमोत मात्र जास्त काळ अडकल्या. आतड्याच्या कॅन्सरमध्ये यकृतातली गाठ लवकर सापडली तर काढता येते, त्यामुळे तिथे कडक वेळापत्रक आहे: सीईए पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, सीटी सहा ते बारा महिन्यांनी, कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर एका वर्षाने.

पाच वर्षं झाली की सुटलो, हा हिशेबही सगळीकडे लागू नाही. आतड्याचा कॅन्सर परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत परततो. इस्ट्रोजेन ग्राहक असलेला स्तनाचा कॅन्सर वीस वर्षांपर्यंत परतू शकतो.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात नवी हाताला लागणारी गाठ, दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला किंवा एकाच हाडातलं दुखणं, कारण नसताना घटणारं वजन, यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. एक लक्षण तर त्याच दिवशीचं आहे: पाठ दुखते आहे आणि पाय जड पडले, चालताना लटपटले किंवा लघवी अडली. ही मज्जारज्जू दाबला जात असल्याची खूण असू शकते. तेव्हा थेट आपत्कालीन विभागात जाऊन पूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय मागायचा, आणि कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे हे दारातच सांगायचं. पाय चालत असताना उपचार सुरू झाले तर बहुतेकांचं चालणं टिकतं. पाय पूर्ण लुळे पडल्यावर ते परत येणं कठीण असतं.